फोटोत सगळं आलं, पण काहीच दिसत नाही: हा बिघाड कसा शोधायचा

जळगावातल्या माझ्या स्टुडिओत रविवारी सकाळी गिऱ्हाईक कमी आणि शिकायला आलेले जास्त असतात. कॉलेजची पोरं, दोन-चार शिक्षिका, केळीच्या व्यापारातले तरुण, नातवाचे फोटो काढू पाहणारे आजोबा. बहुतेकांची तक्रार एकच असते, आणि ती अमळनेरकडच्या एका बाबांनी सगळ्यात नेमकी सांगितली होती: "ताई, फोटूमा सम्दं शे, पन काहीच दखास नही."

सगळं आहे, पण काहीच दिसत नाही. गेल्या अकरा वर्षांत हा बिघाड मी शेकडो मोबाईलवर आणि बऱ्याच महागड्या कॅमेऱ्यांवर पाहिला. दरवेळी मी तो एकाच क्रमाने शोधत जाते. तो क्रम इथे लिहिते. फुकटचं आणि सोपं ते आधी, कष्टाचं आणि खर्चाचं शेवटी. एक तपासणी करा, लगेच फोटो काढून बघा, फरक पडला का ते बघा, मगच पुढे जा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम पाचव्या तपासणीपर्यंत होऊन जातं.

आधी लक्षणं

मोबाईलमधले अलीकडचे वीस फोटो उघडा आणि खालीलपैकी काय काय सापडतं ते बघा.

- फोटो दाखवताना तुम्हाला बोट ठेवून सांगावं लागतं: "हे बघ, इथे, या झाडामागे." हे सगळ्यात पक्कं लक्षण.
- पाटणादेवीचे कडे किंवा तोरणमाळचा तलाव समोर उभं असताना छाती दडपवणारा वाटला, फोटोत मात्र तो एक चपटा पट्टा झाला.
- माणूस बरोबर मधोमध, डोक्यावर अर्धा फोटो रिकामं आभाळ, आणि खाली पाय घोट्यात कापलेले.
- बहिणीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय.
- आभाळ पांढरंफटक, चेहरा काळाठिक्कर.
- जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं, कान गायब.
- तापीचं पाणी एका बाजूला ओघळून जाईल असं कलंडलेलं.
- सगळ्याच फोटोंवर दुधाळ पडदा.

शेवटची खूण वेगळी आहे. तिचा मांडणीशी संबंध नाही, म्हणून तिची तपासणी सगळ्यात आधी ठेवली आहे.

हा बिघाड होतो कशामुळे

कारण कळलं की पुढच्या सगळ्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून दोन मिनिटं इथे द्या.

आपण दोन डोळ्यांनी बघतो. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत थोडा फरक असतो आणि त्या फरकावरून मेंदू पुढचं-मागचं ओळखतो. कॅमेऱ्याला एकच डोळा आहे. त्याला खांब आणि त्याच्या पुढे उभी असलेली बहीण दोन्ही एकाच कागदावर चिकटवलेली दिसतात. हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा एक जुना उपाय आपल्या खान्देशाच्या शेजारीच झाला. मेजर रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला १८४४ साली नेमला गेला. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि लेण्यांचे जोडफोटो काढले, प्रत्येक डोळ्यासाठी एक. खास भिंगातून दोन्ही एकदम पाहिले की दगडातली खोली दिसते. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आपल्याकडे जोडफोटो नाहीत, म्हणून खोली आपल्याला मांडणीतून आणावी लागते.

दुसरं कारण याहून मोठं. मेंदू नको ते गाळतो. यात्रेच्या गर्दीत आपलं पोर सापडलं की भोवतालची हजार माणसं आपल्याला दिसेनाशी होतात. कॅमेरा काही गाळत नाही. पोराच्या चेहऱ्याला आणि त्यामागच्या रसवंतीच्या फलकाला तो सारखाच मान देतो. गाळायचं काम तुमचं आहे आणि ते बटण दाबण्याआधी करायचं आहे.

पहिली तपासणी: काच पुसा

वेळ दहा सेकंद, खर्च शून्य. खिशात, पर्समध्ये, पिठाच्या हातात फिरलेल्या मोबाईलच्या लेन्सवर तेलकट थर असतो. उजेड त्यावर विखुरतो आणि फोटोभर पांढुरका पडदा येतो. दिव्यांभोवती रेषा फुटतात त्याही याचमुळे. धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, म्हणून आधी फुंकर मारा, मग पुसा. धुळीसकट घासलं तर चरे पडतात. एक काका "नवीन फोन घ्यायचा का" विचारायला आले होते. काच पुसली, चहा झाला, काका घरी गेले.

दुसरी तपासणी: ग्रिड चालू करा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड किंवा ग्रिडलाइन्स असा पर्याय असतो. तो चालू केला की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात. फोटोत त्या उमटत नाहीत. त्यांचा पहिला उपयोग साधा आहे: क्षितिज सरळ ठेवणं. पाण्याची कड, शेताचा बांध, मंदिराची पायरी यातलं काहीतरी आडव्या रेषेला समांतर करा. पाणी थोडं कलंडलेलं असलं की आपल्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. हतनूर धरणावरचे फोटो मी पाहते तेव्हा तिथेच निम्म्यांचा निकाल लागतो.

फोटो काढल्यावर एडिटमध्ये सरळ करता येतो, पण तसं करताना कडा कापल्या जातात आणि कधी कोणाचा हातच जातो. आधीच सरळ धरलेलं बरं.

तिसरी तपासणी: विषय एका शब्दात सांगा

हीच खरी तपासणी. बाकीच्या सगळ्या हिच्यासाठी आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

रावेरकडचा एक तरुण आला होता. त्याला बाहेरगावच्या व्यापाऱ्याला मालाचे फोटो पाठवायचे होते. चाळीस फोटो होते आणि सगळ्यांत केळीची बाग. हिरवं जंगल, मध्ये कुठेतरी घड. मी विचारलं, "कशाचा फोटो आहे हा?"

"बागेचा."

"बागेत काय दाखवायचंय?"

"घड."

"घडाचं काय?"

तो जरा थांबला. "फण्या कशा भरल्यात ते. आणि डाग नाही ते."

तेव्हा कुठे विषय सापडला. दुसऱ्या दिवशी त्याने एका घडाजवळ जाऊन वरच्या तीन फण्या फ्रेमभर घेतल्या, शेजारी आपला पंजा ठेवला म्हणजे आकाराचा अंदाज यावा, आणि मागे पानांची गडद सावली राहील अशी बाजू निवडली. त्यानंतर संपूर्ण घडाचा एक आणि बागेच्या रांगेचा एक असे आणखी दोनच काढले. चाळीस फोटोंचं काम तीन फोटोंनी केलं. मोबाईल तोच, बाग तीच.

तुम्हीही बटणाला हात लावण्याआधी मोठ्याने, खरंच तोंडाने, विषय बोला. "आजीचे हात." "पहाटेचा धूर." "घोड्याची मान." एका-दोन शब्दांत सांगता येत नसेल तर फोटो अजून तयार नाही. "आमची सहल" हा विषय नाही, ते प्रकरण आहे, त्याला पाच वेगळे फोटो लागतील. "आई आणि तिच्यामागचं घर" हा विषय होऊ शकतो, पण मग आई आणि घर यांचं नातं दिसलं पाहिजे. आई दारात टेकून उभी असेल तर ते दिसतं. अंगणाच्या टोकाला सावधान पवित्र्यात उभी असेल तर दिसत नाही.

घरबसल्या करायचा एक सराव आहे. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आणि कलादालन आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. आयुष्याची कित्येक दशकं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले आणि तिथेच टेबलावर वस्तू मांडून त्यांनी असे फोटो काढले की बघणाऱ्याला खरी दृश्यं वाटावीत. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव आजही आदराने घेतात. जमलं तर एकदा जाऊन बघा. आणि नंतर घरी खिडकीजवळच्या टेबलावर एकच वांगं ठेवा. फक्त वांगं. त्याचे दहा वेगळे फोटो काढा. देठ, चमक, सावली, आकार. दहाव्या फोटोपर्यंत पोहोचता पोहोचता डोळा निवड करायला शिकतो. मी हा सराव सगळ्यांना देते आणि कंटाळा आला म्हणणाऱ्यांना परत देते.

चौथी तपासणी: चारही कडा फिरून या

विषय ठरला की नजर त्याच्यावरून काढा आणि फ्रेमच्या कडेकडेने फिरवा. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. चार सेकंद लागतात. कडेवर काय काय अर्धवट शिरलंय ते बघा.

कानबाई ही आपल्या खान्देशातली देवी. श्रावणातले तिचे फोटो याचं चांगलं उदाहरण. घरात कानबाई मांडलेली, नारळावर डोळे, नथ, अंगावर दागिने, पुढे दिवे. फोटो उघडला तर वर पंख्याचं एक पातं, डावीकडे प्लास्टिकची निळी खुर्ची, उजवीकडे कोणाचा तरी कोपर आणि मागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. देवीसमोर हात जोडलेले असताना यातलं काही दिसत नाही. फोटोत निळी खुर्ची सगळ्यात आधी दिसते, कारण भडक रंग आणि उजळ डाग नजरेला पहिल्यांदा ओढतात. खुर्ची उचलून बाजूला ठेवली, एक पाऊल पुढे सरकलं आणि कॅलेंडर देवीमागे झाकलं की काम झालं. घर दुसऱ्याचं असेल तर वस्तू हलवण्याआधी विचारा. पूजेची मांडणी असेल तर तिला हातही लावू नका, तुम्हीच हला.

डोक्यातून उगवणारा खांबही इथेच पकडला जातो. अर्धा पाऊल डावीकडे गेलात की खांब डोक्याबाजूला सरकतो. माणूस जवळ आणि खांब लांब असल्यामुळे तुमच्या लहानशा हालचालीनेही दोघांचं नातं बदलतं.

माणूस कापायचाच असेल तर सांध्यावर कापू नका. घोटा, गुडघा, मनगट, मान इथे फ्रेमची कड आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर, कमरेच्या वर, दंडाच्या मध्यावर कापलेलं चालतं.

पाचवी तपासणी: तुम्ही किती लांब उभे आहात

झूमचं बटण आणि पायांची पावलं एकच काम करतात असं सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही, आणि या एका गैरसमजाने जितके फोटो बिघडतात तितके दुसऱ्या कशाने बिघडत नसतील.

झूम केलं की चित्र फक्त मोठं होतं. चालत गेलात की वस्तूंची एकमेकांशी तुलना बदलते. हिशोब करून बघा. चेहरा मोबाईलपासून ४० सेंटिमीटरवर आहे असं धरा, आणि नाकाच्या टोकापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे. म्हणजे नाक ४० वर, कान ५२ वर. नाक कानाच्या मानाने ३० टक्के मोठं उमटणार. आता मागे सरकून दोन मीटर अंतरावर जा. नाक २०० वर, कान २१२ वर, फरक फक्त ६ टक्के. चेहरा ओळखीचा दिसायला लागतो. लेन्स कुठलीही असो, हा फरक अंतराचा आहे. मोबाईलची मुख्य लेन्स बऱ्यापैकी रुंद बघते, म्हणून चेहरा फ्रेमभर यावा यासाठी आपण नकळत फार जवळ जातो आणि फसतो. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर लांब राहा आणि मोबाईलला दुसरी, लांब पल्ल्याची लेन्स असेल तर ती वापरा.

ती लेन्स नसेल तर झूम जपून वापरा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोचा रुंदीने अर्धा आणि उंचीने अर्धा भाग ठेवला की उरतात ३ मेगापिक्सेल. मोबाईलवर बघायला पुरे, मोठी फ्रेम करून भिंतीवर लावायला अपुरे.

सारंगखेड्याच्या यात्रेत हा बिघाड दरवर्षी दिसतो. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो आणि हौशी पोरं घोड्याच्या तोंडासमोर उभी राहून फोटो काढतात. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण अडीच मीटर. तुम्ही तोंडापासून एक मीटरवर असाल तर मागचा भाग साडेतीन मीटरवर जातो. डोकं घागरीएवढं, धड शेळीचं. जनावराच्या मालकाला असा फोटो दाखवला तर तो तोंड फिरवतो, कारण त्याच्या घोड्याची चणच त्यात चुकली आहे. घोड्याच्या बाजूला या, सात-आठ मीटर मागे जा, मोबाईल त्याच्या पोटाच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. चारही पाय मोकळे दिसू द्या. मालकाला किंवा त्याच्या पोराला समोरून हलकी चुटकी वाजवायला सांगा, घोड्याचे कान पुढे वळले की बटण दाबा. मागच्या पायांजवळ उभं राहू नका. फोटोसाठी लाथ खाल्लेला माणूस मी पाहिला आहे.

आणि याच्या उलटही लक्षात ठेवा. डोंगर मोठा दाखवायचा असेल तर झाडापासून लांब जा आणि झूम करा. झाड तेवढंच राहील, मागचा सातपुडा वर चढेल. डोंगराच्या मानाने तुमचं झाडापर्यंतचं अंतरच बरंच बदलतं, त्यामुळे असं होतं. लोक नेमकं उलट करतात. रुंद लेन्स लावतात आणि सातपुडा रेघ होऊन बसतो.

सहावी: उंची

मुलांचे, कुत्र्यांचे, वासरांचे फोटो उभ्याने काढू नका. गुडघ्यावर बसा. उभ्याने काढलं की डोकं मोठं, पाय बारीक आणि मागे नुसती जमीन. बसल्यावर त्यांच्यामागे भिंत, आभाळ किंवा शेत येतं. गुडघे दुखत असतील तर मोबाईल उलटा धरा, लेन्स खाली जाते, आणि पडद्याकडे वाकून बघा.

सातवी: उजेड कुठून येतोय

इथून थोडे कष्ट सुरू होतात, कारण उजेडासाठी वाट बघावी लागते किंवा माणसाला हलवावं लागतं.

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, म्हणून वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या पुढे, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यातला तो शून्य सावली दिवस शाळांतली मुलं काठ्या रोवून बघतात. त्या उन्हात काढलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. कुठलंही ॲप ते नीट बुजवू शकत नाही. दुपारीच फोटो लागणार असेल तर माणसाला ओट्यावर, दाराच्या आत एक हात, किंवा मोठ्या निंबाच्या सावलीच्या कडेला आणा आणि तोंड उजेडाकडे वळवा. केळीच्या बागेत मात्र काळजी घ्या. पानांतून गाळून येणारा उजेड चेहऱ्याला हिरवट करतो. बागेच्या बांधावर या.

काळा चेहरा आणि पांढरं आभाळ यावरचा उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. कॅमेरा त्या जागेचा उजेड मोजतो. बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये ते माप कायम राहतं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. आभाळ आणि चेहरा दोन्ही हवे असतील तर सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी या, तेव्हा दोघांतला फरक कमी असतो.

उजेड मागून येणं नेहमी वाईट नसतं. हिवाळ्यात शेतात भरीत होतं तेव्हा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर धूर जेमतेम दिसतो. फिरून पलीकडे जा, सूर्य धुरामागे घ्या आणि मागे एखादं गडद झाड येऊ द्या. धुराची प्रत्येक वळी उजळते. भाजणारा माणूस आकृतीसारखा काळा दिसेल, तो तसाच राहू द्या.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे, ती चित्रं आपल्या फोटोंपेक्षा मोलाची. तिथे फ्लॅश बंद आहे ना ते आत शिरण्याआधीच बघा, कोपर छातीशी दाबा, श्वास सोडून थांबा आणि लागोपाठ तीन फोटो काढा. एखादा स्थिर येतोच.

आठवी: फोटोला पुढचं आणि मागचं द्या

चपट्या देखाव्याचं औषध हे. नुसता लांबचा देखावा घेतला की डोळ्याला टेकायला जागा मिळत नाही. पुढे काहीतरी जवळचं घ्या. अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघूर नदीच्या वळणावरची घोड्याच्या नालेसारखी लेण्यांची रांग दिसते. तिचा नुसता फोटो सगळ्यांकडे सारखाच असतो. कड्याकडचं गवत किंवा बसलेल्या माणसाची पाठ फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात घेतली की दरी किती खोल आहे ते कळतं. कठड्यापलीकडे मात्र जाऊ नका.

लांब जाणाऱ्या रेषाही हेच काम करतात. कपाशीच्या ओळी, बैलगाडीची चाकोरी, एरंडोलमधली अरुंद गल्ली. रेषा कोपऱ्याच्या आसपास सुरू होऊन विषयापर्यंत पोहोचली पाहिजे. कुठेच न पोहोचणारी रेषा नजरेला फोटोबाहेर घेऊन जाते. भुसावळकडची पोरं यासाठी रेल्वेच्या रुळांवर उतरतात. उतरू नका. तो गुन्हा आहे, आणि मागून येणारी गाडी ऐकू येईलच असं नाही. बांधावरची पायवाट तितकीच छान रेषा देते.

नववी: तृतीयांशाचा नियम

सगळीकडे हा पहिला शिकवतात. मी नववा ठेवला, कारण विषय न ठरवता तो लावला की मधोमध हरवलेला माणूस कडेला हरवतो, बाकी काही होत नाही. नियम एवढाच: विषय ग्रिडच्या रेषेवर किंवा दोन रेषा छेदतात तिथे ठेवा, आणि माणूस ज्या दिशेला बघतोय तिकडे मोकळी जागा सोडा. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं, म्हणजे फोटोग्राफीच्याही आधीपासून ते चालत आलंय.

मोडावा कधी? तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव मंदिरासमोर सरळ उभे असाल तर मधोमधच ठेवा आणि दोन्ही बाजू समान येईपर्यंत सरका. देवीचा मुखवटा, कॅमेऱ्यात थेट बघणारं पोर, विहिरीचं गोल तोंड, यांना मध्यभागच शोभतो. जवळजवळ मध्ये, पण पूर्ण मध्ये नाही, असं मात्र ठेवू नका. ते चुकल्यासारखं दिसतं.

दहावी: मग आता नवीन कॅमेरा?

वरचं सगळं महिनाभर करूनही अडत असेल तर कुठे अडतंय ते लिहून काढा. लांबचे पक्षी, रात्रीची पळणारी माणसं, मोठ्या आकाराच्या प्रिंट: यासाठी कॅमेरा आणि लेन्स खरंच लागते. "फोटो भारी येत नाहीत" एवढंच लिहिता येत असेल तर पैसे ठेवा आणि तिसऱ्या तपासणीवर परत जा. घ्यायचाच असेल तर आधी दोन दिवस कोणाचा तरी मागून वापरा.

कधी थांबायचं आणि जाणकाराकडे जायचं

काही बिघाड मांडणीचे नसतातच, आणि ते घरी उघडून दुरुस्त होत नाहीत.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, भरपूर उजेडात त्याच्या अगदी समोर उभे राहा आणि फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून वाचा. मोबाईल किंचित फिरवून आणखी दोन काढा. दरवेळी एकच बाजू पुसट येत असेल तर लेन्स सरकली आहे. सर्व्हिस सेंटरला न्या. फोकस सतत आतबाहेर करतोय, चित्र थरथरतंय किंवा कॅमेरा चालू असताना गुणगुण ऐकू येते, तरीही न्या. मोटारसायकलच्या हँडलला फोन लावून रोज फिरणाऱ्यांकडे हे जास्त आढळतं. इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्यातला स्थिर ठेवणारा भाग खराब होऊ शकतो, तशी सूचना ॲपलनेही २०२१ मध्ये दिली होती. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पावसाळ्यानंतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. लेन्स उघडू नका, दुसऱ्या लेन्सच्या पिशवीत ठेवू नका, लगेच दुरुस्तीवाल्याला दाखवा. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो परत येत नाही.

घरचं लग्न असेल तर फोटोग्राफर ठरवा. तुमचा हात कितीही बसला असला तरी ठरवा. हळद, वरमाला, पाठवणी परत घडत नाही, आणि करवलीच्या हातात कॅमेरा दिला की ती लग्नात नसते. सराफ्याच्या दागिन्यांचे विक्रीसाठीचे फोटोही हौशी माणसाने अंगावर घेऊ नयेत. सोनं आरशासारखं समोरचं सगळं दाखवतं, मोबाईल धरलेला हातसुद्धा, आणि त्याला मऊ उजेडाची वेगळी मांडणी लागते.

दुरुस्तीवाल्याकडे किंवा माझ्यासारख्या कोणाकडे जाताना मूळ फोटो न्या. मेसेजमधून आलेले नकोत, ते दाबून लहान झालेले असतात आणि त्यात खरा दोष दिसत नाही. बिघडलेले पाच आणि त्यातल्या त्यात बरे दोन. बरे दोन विसरू नका, मी आधी तेच बघते.